लिंक म्हणजे कशाची कशाशी?

 

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, वही लिहून झाली, आणि मग आम्ही एक प्रश्न विचारला. लिंक म्हणजे काय? अकरा जणी बसल्या होत्या. एक ताई म्हणाली, बँकेत नसते ती. दुसरी म्हणाली, आधारला लावावी लागते ती. गटाची सचिव म्हणाली, कर्ज मिळतं ती. एक सुनबाई म्हणाली, मोबाईलवर निळ्या अक्षरात येते, तिला हात लावायचा नसतो. आणि कोपऱ्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "युरियाच्या गोणीसंगं दुकानदार गळ्यात मारतो ती बाटली, तिलाच लिंक म्हणत्यात." सगळ्या हसल्या. पण खरं सांगायचं तर अकरापैकी कुणीच चुकलं नव्हतं. शब्द एक, अर्थ पाच. आणि पाचही आपल्या रोजच्या व्यवहारातले.

हा प्रश्न आम्ही विचारला तो एका काकूंमुळे. त्या भोकरदन तालुक्यातल्या, आमच्याच एका गटाच्या सभासद. त्यांनीच सांगितलं, "माझी गोष्ट सांगा, नाव नका सांगू." म्हणून नाव सांगत नाही.

काकूंनी २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरला. महिन्याला १,५०० रुपये. अर्ज मंजूर झाला. शेजारणींच्या खात्यात पैसे आले, काकूंच्या पासबुकात मात्र काही उतरेना. त्या बँकेत गेल्या. वेचणीचे दिवस, म्हणजे एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, वर भाडं. खिडकीवरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "लिंक नाही." काकू परत आल्या.

आठ दिवसांनी पुन्हा गेल्या. पुन्हा उत्तर, "लिंक नाही, आधार केंद्रात जा." काकू आधार केंद्रात गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, अंगठा दिला. तिसऱ्यांदा बँकेत गेल्या तर दुसऱ्या बाई म्हणाल्या, "खातं आधारला जोडलेलं आहे, पण डीबीटीची लिंक नाही." काकू आम्हाला म्हणाल्या, "ताई, तीन खेपा झाल्या. माझी एकच लिंक होती, ती कुणालाच सापडंना."

आता नीट ऐका. त्या तीन खेपांत काकूंना एकच वाक्य ऐकायला मिळालं, पण तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. पहिल्या दिवशी बँकेचं नेट बंद होतं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या आधारला मोबाईल नंबर जोडलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी अडचण सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे याची होती. साहेब खोटं बोलले नाहीत. काकूंनीही ऐकण्यात चूक केली नाही. पण एक शब्द तीन ठिकाणी वापरला, आणि कुणीच विचारलं नाही की कशाची लिंक.

याचा शेवट आणखी वाईट झाला, तो पुढं सांगतो. आधी शब्द समजून घेऊ.

मुळात लिंक म्हणजे साखळीतली एक कडी. आपल्या गळ्यातल्या साखळीची, विहिरीवरच्या साखळीची, बैलाच्या दाव्याच्या साखळीची एकेक कडी म्हणजे लिंक. एक कडी दुसरीत अडकली की साखळी होते. त्यावरून, दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असतील तर त्या जोडालाही इंग्रजीत लिंक म्हणू लागले.

ही कडी जमिनीच्या मोजणीतही होती. १६२० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये गुंटर नावाच्या गणितज्ञानं जमीन मोजायची साखळी ठरवून दिली. ती ६६ फूट लांब आणि तिच्यात बरोबर १०० कड्या, म्हणजे १०० लिंका. एक लिंक ७.९२ इंचांची. पुढं इंग्रजी मोजणीत ती सगळीकडे गेली. आता या साखळीच्या निम्मे किती? ३३ फूट. आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा म्हणजे आपला एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. म्हणजे लिंक हा शब्द मोबाईलबरोबर आलेला नाही. तो मोजणीच्या साखळीत कधीचाच होता.

मराठीत याला शब्द नाहीत असं नाही. उलट जास्तच आहेत. कडी आहे, जोड आहे, धागा आहे, संबंध आहे. नद्या जोडायच्या प्रकल्पाला आपण नदीजोड म्हणतो, लिंक म्हणत नाही, आणि ते लगेच समजतं. सरकारी अर्जावर "आधार संलग्न बँक खाते" असं छापलेलं असतं. संलग्न म्हणजे जोडलेलं, चिकटलेलं. पण हा शब्द बोलायला जड, म्हणून अर्ज भरून घेणारी पोरंही लिंकच म्हणतात. संगणकाच्या मराठीत लिंकला दुवा म्हणतात. तो शब्द चांगला आहे, पण आपल्या मराठवाड्यात दुवा म्हणजे आशीर्वाद. एका बैठकीत आम्ही म्हणालो, "अनोळखी माणसानं पाठवलेला दुवा घेऊ नका," तर एक आज्जी म्हणाल्या, "का बाई? दुवा कुणाचाबी घ्यावा." त्यांचंही बरोबरच होतं. तेव्हापासून आम्हीही लिंकच म्हणतो, पण पुढं एक प्रश्न जोडतो. तो प्रश्न कोणता, ते शेवटी येईलच. आता एकेक लिंक घेऊ.

पहिली, बँकेतली "लिंक नाही". इथं लिंक म्हणजे नेट. पूर्वी आपलं खातं शाखेतल्या जाड वहीत असायचं. आता ते बँकेच्या मोठ्या संगणकात असतं, दूर कुठंतरी. शाखेतला संगणक त्या मोठ्या संगणकाशी तारेनं नाहीतर टॉवरनं जोडलेला असतो. तो जोड तुटला की साहेबांना आपलं खातं दिसत नाही, म्हणून ना पैसे भरता येतात, ना काढता येतात. यात तुमचा दोष नाही, तुमच्या कागदाचाही नाही. घरी येऊन कागदपत्रं शोधत बसायची गरज नाही. फक्त विचारायचं, "साहेब, बँकेची लिंक नाही का माझ्या खात्याची?" बँकेची असेल तर दुपारपर्यंत येईल का ते विचारा, गावातल्या बँक सखीकडं चालू आहे का बघा, आणि पुढच्या वेळी निघायच्या आधी कुणाला तरी फोन लावून खात्री करा. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. लिंक नाही म्हणून गटाचे पैसे "ठेवून जा, नंतर भरतो" असं कुणी म्हणालं, तर पावतीशिवाय पैसे सोडायचे नाहीत. माणूस चांगला असला तरी नाही. पैसे गटाचे आहेत.

दुसरी, आधारची लिंक. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच, कारण इथं एक नाही, तीन जोड आहेत. आधारची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका बाईला मिळालं. बारा आकडी नंबर. त्या नंबराला काय काय जोडायचं, हे पुढं वाढत गेलं.

पहिला जोड, आधार आणि मोबाईल. तुमच्या आधारच्या नोंदीत कोणता मोबाईल नंबर आहे, हा तो जोड. ओटीपी त्याच नंबरावर येतो. बऱ्याच बायांच्या आधारला शिबिरात बसलेल्या माणसाचा, नाहीतर मुंबईला गेलेल्या दिराचा नंबर असतो. कधी बंद पडलेल्या सिमचा असतो. मग ओटीपी जातो तिकडं आणि आपण इकडं वाट बघतो. हा जोड बँकेत होत नाही. त्यासाठी आधार केंद्रावर जाता येतं, तिथं अंगठा लागतो, ठरलेली फी घेतात आणि पावती देतात. पावती मागून घ्यायची. आधारबद्दल काहीही विचारायचं तर १९४७ हा सरकारी नंबर आहे, आपल्या स्वातंत्र्याचं साल, म्हणून लक्षात राहतो.

दुसरा जोड, आधार आणि बँक खातं. आधारची झेरॉक्स देऊन, फॉर्म भरून आपण खात्याला आधार नंबर लावून घेतो तो. असा नंबर तुमच्या एकापेक्षा जास्त खात्यांना लागलेला असू शकतो.

तिसरा जोड, आणि काकूंचं घोडं अडलं ते इथं. याला डीबीटी म्हणतात, कुणी सीडिंग म्हणतात, कुणी मॅपिंग. सरकार जेव्हा आधार नंबरावर पैसे पाठवतं, तेव्हा खाते नंबर बघत नाही. देशपातळीवर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन नावाची संस्था आहे. तिच्याकडं एक यादी असते. या आधार नंबराचे पैसे या बँकेत पाठवायचे, अशी. एका आधारपुढं एकाच बँकेचं नाव. तुमची खाती चार असली तरी त्या यादीत नाव एकाच बँकेचं, जी सगळ्यात शेवटी जोडली तिचं. पोस्टमनसारखं समजा. तुमची घरं दोन असतील, पण पोस्टात पत्ता एकच लिहिलेला असेल, तर पत्र तिथंच पडणार.

काकूंचंही तसंच झालं होतं. काही वर्षांपूर्वी गावात शिबिर लागलं होतं, जनधनचं खातं काढून गेले होते. पासबुक आलं, ट्रंकेत गेलं, काकू विसरल्या. यादीत नाव त्या बँकेचं होतं. काकू ज्या बँकेत खेपा घालत होत्या, तिथं पैसे येणारच नव्हते. आम्ही मोबाईलवर आधारच्या सरकारी साईटवर बँक सीडिंगची स्थिती बघितली. त्यासाठी आधारला मोबाईल जोडलेला लागतो, तो दुसऱ्या खेपेत झालाच होता. स्क्रीनवर दुसऱ्याच बँकेचं नाव आलं. काकूंनी ते वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर ट्रंकेतली!" पासबुक भरून आणलं तर आलेले सगळे हप्ते तिथं शांत पडून होते.

तेव्हा मैत्रिणींनो, योजनेचे पैसे आले नाहीत म्हणजे गेले असं नाही. आधी आपलं जुनं पासबुक शोधा, आधारची बँक कोणती ते बघून घ्या. ती बदलायची असेल, तर हव्या त्या बँकेत जाऊन "आधारवरचे सरकारी पैसे या खात्यात घ्यायचे आहेत" असा संमतीचा फॉर्म भरून द्या. नुसतं "आधार लिंक करा" म्हणू नका. तसं म्हटलं की ते दुसरा जोड बघतात, तो असतोच, आणि तुम्हाला परत पाठवतात.

इथं एक गोष्ट हक्काची. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं की बँक खात्याला किंवा मोबाईल सिमला आधार जोडण्याची सक्ती करता येणार नाही. पण सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येतं, आणि पॅनकार्डाला आधार जोडायचा नियमही न्यायालयानं कायम ठेवला. म्हणजे योजनेचे पैसे हवे असतील तर जोड लागतो. पण "आधार लिंक नाही म्हणून तुमचे स्वतःचे पैसे बुडाले" असं कुणी सांगितलं, तर घाबरायचं नाही.

तिसरी लिंक आपल्या गटाची, म्हणजे बँक लिंकेज. ही लिंक चांगली, आणि आपल्या कमाईची. नाबार्डनं १९९२ साली देशभरातले ५०० बचत गट बँकांना जोडून बघायचा प्रयोग सुरू केला. तोपर्यंत बँक बाईला विचारायची, तारण काय? सातबारा कुणाच्या नावावर? आपल्याकडं दोन्ही नसायचं. या प्रयोगात तारणाऐवजी गटाची शिस्त बघितली. बैठक वेळेवर होते का, बचत नियमित आहे का, आपसात कर्ज फिरतं का, परतफेड होते का, वही बरोबर आहे का. आपण ज्याला पंचसूत्री म्हणतो, ती हीच. पुढं १९९६ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की बचत गटांना कर्ज देणं हे तुमच्या नेहमीच्या कामाचाच भाग आहे. आपल्या राज्यात १९७५ पासूनचं माविम आणि २०११ पासूनचं उमेद अभियान, दोघांच्या गटांना कर्ज याच वाटेनं मिळतं.

म्हणून सचिवताई जेव्हा म्हणते, "आपलं लिंकेज झालं," तेव्हा त्याचा अर्थ कुणाचं आधार जोडलं असा नाही. अर्थ असा की बँकेनं आपल्या वहीवर विश्वास ठेवून गटाला कर्ज दिलं. एका गटात एका ताईनं लिंकेजच्या कागदावर सही केली, ती तिला वाटलं आधारसाठी. दोन महिन्यांनी हप्ता मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "मी कर्ज घेतलंच नाही." पैसे तिच्या हातात आले होते, पण ते योजनेचे असं ती समजली होती. ती भांडली नाही, रडली. चूक तिची नव्हती, आमची होती. कागद वाचून दाखवायला हवा होता. त्या दिवसापासून आम्ही लिंकेजच्या बैठकीत पहिलं वाक्य बोलतो ते हे: हे कर्ज आहे, हे फेडायचं आहे.

या लिंकेजमध्येही तुमचे हक्क आहेत. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यातले पैसे अडकवून ठेवायचे नाहीत, आणि कर्ज देताना ठेव ठेवायचा आग्रह धरायचा नाही. तसं झालं तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

चौथी लिंक मावशींची, गोणीसंगं येणारी. तिला बाजारात लिंकिंग म्हणतात. मृग निघाला, कपाशी-सोयाबीनच्या पेरण्या सुरू झाल्या की खताला गर्दी होते. तेव्हा काही दुकानदार म्हणतात, युरिया पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल, डीएपी पाहिजे तर हे पाकीट घ्यावं लागेल. गेल्या काही वर्षांत ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि ५० किलोची डीएपीची गोणी १,३५० रुपयांना, हे सरकारनं बांधून दिलेले भाव. पण बाटली जोडली की गोणी पाचशे-सहाशेला पडते, आणि बाटली घरी कोपऱ्यात धूळ खाते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, कंपनीच आमच्या गळ्यात मारते, आम्ही काय करू. त्याचं खरं असेलही. पण शेवटी पैसे जातात आपल्याच पदराचे.

ही सक्ती करायला परवानगी नाही. खतं ही जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतात, त्यासाठी १९८५ चा खत नियंत्रण आदेश आहे. दुकानात भावाचा आणि साठ्याचा फलक लागला पाहिजे, मशीनवर अंगठा दिल्यावर पावती मिळाली पाहिजे. पावतीवर बाटली लिहिलेली नसेल तर ती लिहून मागा. लिहून मागितलं की बरेचदा बाटली आपोआप परत जाते. नाही गेली तर पावती घेऊन पंचायत समितीतले कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडं लेखी तक्रार करा. एकटीनं नको, गटानं करा. एका बाईचा अर्ज खिशात राहतो, अकरा सह्यांचा टेबलावर येतो.

आता पाचवी लिंक, मोबाईलवरची. आणि इथं काकूंची गोष्ट पूर्ण होते.

तिसऱ्या खेपेवरून काकू घरी आल्या, आणि आम्ही त्यांच्याकडं पोचायच्या आधीच, त्याच रात्री मुलाच्या मोबाईलवर मेसेज आला. "तुमचे खाते आधारशी लिंक नाही. आज रात्री बंद होईल. लिंक करण्यासाठी खालील लिंकवर क्लिक करा." बघा, एका मेसेजमध्ये लिंक हा शब्द तीनदा. काकू महिनाभर हाच शब्द शोधत फिरत होत्या. त्यांना वाटलं, बँकेनंच पाठवलं, खेपा घातल्याचं सार्थक झालं. त्यांनी मुलाला म्हटलं, दाब. मुलानं दाबलं. एक ॲप उतरलं, त्यानं परवानगी मागितली, मुलानं दिली. सकाळी मुलाच्या खात्यातून ९,४०० रुपये गेले होते. खताचे पैसे होते ते.

लोक म्हणाले, बाई अडाणी, म्हणून फसली. आम्हाला ते पटत नाही. काकू अडाणी नाहीत. दहा वर्षं गटात आहेत, एक हप्ता चुकलेला नाही. त्यांना फसवलं ते त्यांच्याच गरजेच्या शब्दानं. चोरानं तोच शब्द वापरला जो बँकेनं, आधार केंद्रानं आणि आम्हीसुद्धा वापरला होता.

पूर्वी लंडनमध्ये रस्त्यावर दिवे नव्हते, तेव्हा पैसे घेऊन मशाल धरून पुढं चालणारी पोरं असत. त्या मशालीलाही इंग्रजीत लिंक म्हणत, आणि त्या पोरांना लिंकबॉय. बरीच पोरं माणसाला नीट घरी पोचवत. पण काही पोरं अंधाऱ्या बोळात नेऊन लुटारूंच्या हाती देतात, अशा तक्रारीही असत. मोबाईलवरची लिंक म्हणजे अशीच मशाल धरलेलं पोरगं. ते कुठं नेणार, हे त्याच्या हातातल्या उजेडावरून कळत नाही. ते कुणी पाठवलं, हे बघावं लागतं.

मोबाईलवरची लिंक म्हणजे एक पत्ता. तिला बोट लावलं की मोबाईल त्या पत्त्यावर जातो. तो पत्ता दुकानाचा असेल, सरकारी कचेरीचा असेल, चोराच्या घरचाही असेल. ओळखायच्या चार खुणा लक्षात ठेवा.

एक. घाई. "आज रात्री", "चोवीस तासांत", "शेवटची संधी". बँक असं रात्रीतून खातं बंद करत नाही.

दोन. सरकारी साईटचा पत्ता बहुतेक वेळा डॉट जीओव्ही डॉट इन असा संपतो. शेवट बघा, सुरुवात नाही. सुरुवातीला कुणीही लाडकी बहीण किंवा पीएम किसान लिहू शकतो.

तीन. लिंकमधून ॲप उतरत असेल, शेवटी एपीके असं लिहिलेलं असेल, तर तिथंच थांबा. लग्नपत्रिकेच्या नावानंही अशी फाईल येते.

चार. पैसे मिळायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. "पैसे घेण्यासाठी पिन टाका" म्हणणारा चोरच.

आणि तरी फसलात तर लाजून गप्प बसायचं नाही. लगेच १९३० वर फोन करा. हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी नंबर आहे. पैसे पुढं सरकायच्या आत कळवलं तर वाटेत अडवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. काकूंच्या घरी मात्र लाजेपायी दोन दिवस कुणी बोललंच नाही. गणपतीच्या दर्शनाला राजूरला जाताना टमटममध्ये त्या आमच्याशेजारी बसल्या, तेव्हा हळू आवाजात सांगितलं. आम्ही तिथूनच फोन लावला. तक्रार नोंदली, थोडी रक्कम एका खात्यात अडवली गेली असं कळलं, पण ती अजून हातात आलेली नाही. दोन दिवस आधी फोन झाला असता तर, असं आम्हालाही वाटतं आणि काकूंनाही.

याशिवाय लिंकचे आणखीही अर्थ आहेत, पण ते निरुपद्रवी. मुंबईला कामाला गेलेली आपली माणसं लिंक रोडला राहतात, म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांना जोडणारा रस्ता. समुद्रावरचा वांद्रे-वरळी सी लिंक २००९ साली सुरू झाला, तोही जोडच. एचआयव्हीच्या कामात गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना लिंक वर्कर म्हणतात, गाव आणि दवाखाना यांच्यामधली कडी. आणि बोलता बोलता कुणी मध्येच चहा आणला तर आपण म्हणतो, "थांब गं, माझी लिंक तुटली."

तर तो प्रश्न. आमच्या गटांनी आता ठरवलंय, लिंक हा शब्द कुणीही उच्चारला की लगेच विचारायचं, "कशाची कशाशी?" जोड म्हटला की दोन टोकं असतातच. बँकेची नेटशी? आधारची मोबाईलशी? आधारची खात्याशी? सरकारी पैशाची बँकेशी? गटाची बँकेशी? गोणीची बाटलीशी? दोन्ही टोकं सांगता आली तर काम पुढं जातं. सांगणाऱ्याला दुसरं टोक सांगता येत नसेल, तर त्यालाच माहीत नाही, किंवा त्याला सांगायचं नाही. दोन्ही वेळा आपण थांबायचं. साहेबांना प्रश्न विचारला तर ते रागावतील, असं वाटतं. दोन-चार वेळा रागावतीलही. पण एक खेप वाचते.

मागच्या आठवड्यात काकू पुन्हा बँकेत गेल्या होत्या, गटाचा हप्ता भरायला. खिडकीवरून आवाज आला, "लिंक नाही." काकूंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "कशाची कशाशी, साहेब?" साहेब थोडे थांबले, मग म्हणाले, "नेट बंद आहे काकू, अर्ध्या तासात येईल, बसा." काकू बाकावर बसल्या. अर्ध्या तासानं हप्ता भरला, पावती घेतली आणि दुपारच्या गाडीनं घरी आल्या.

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा प्रश्न विचारून बघा, आणि कुणाला कोणती लिंक नडली ते आम्हाला कळवा. आज इथंच थांबतो. नमस्कार.